चप्पल घालून दिलेलं अर्घ्य

आमच्या स्वयंपाकघरातला दिवा आता हलत नाही. फ्रिज सुरू होऊ दे, मिक्सर लागू दे, सुनेची पिठाची गिरणी फिरू दे, तो आपला जागच्या जागी पेटलेला असतो. ज्यांच्या घरचे दिवे कधी मंदावले नाहीत, त्यांना यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या दिव्याखाली बसतो आणि समाधानाने वर बघतो. वय झालेल्या माणसाला एवढं पुरतं. मात्र या समाधानाच्या आधी मी दोन वर्षं एक खोटेपणा सांभाळला. तो मी चारचौघांत कबूल केला आहे, पण ज्यांच्यासमोर करायला हवा होता त्या सगळ्या जणी तेव्हा हजर नव्हत्या. म्हणून लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात झाली. मोटारी, पॅनेल, केबल यांतच हात काळे झाले. निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हापासून गावात कुणाच्या घरी पंखा फिरेना की मला बोलावणं यायचं. नवं घर बांधणारे बोर्ड कुठे बसवायचा ते मला विचारायचे. मी म्हणेन ते शेवटचं. ही गोष्ट मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकतो.

घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा कंपनीत कामाला जातो, पाळ्या असतात. माझी बायको जाऊन आता चार वर्षं होतील. ती होती तेव्हा परसात मोरीच्या पाण्यावर अळूचा मोठा वाफा होता. भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, हातपाय धुतलेलं पाणी, सगळं ती अळूला सोडायची. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, पण तो वाफा वैशाखातही चिखलाने काळा असायचा. ती गेल्यावर वर्षश्राद्धाला पाहुणे यायचे होते. डास होतात, परस घाण दिसतं, म्हणून मी अळू उपटून टाकला, सगळ्या परसात सिमेंटचा कोबा करून घेतला आणि मोरीचं पाणी पाईपने थेट गटारीला जोडलं. परस चकचकीत झालं. लोक म्हणाले, आता कसं शहरासारखं दिसतं.

त्याच सुमारास सुनेने घरगुती गिरणी घेतली. कपाटासारखी दिसणारी ही गिरणी आमच्याकडे घरघंटी म्हणून ओळखली जाते. कांदाकाटणीला जाऊन जाऊन तिने त्यासाठी पैसे साठवले होते. गावातली मोठी गिरणी वेशीबाहेर आहे आणि तिथे गहू, बाजरी, मिरची सगळं एकाच दगडावर दळतात. सुनेकडचं पीठ स्वच्छ आणि बारीक यायचं, त्यामुळे आळीतल्या बाया डबे घेऊन यायला लागल्या. सून घरात वावरताना सारखी हसत असायची. कांद्याच्या रानात दिवसभर वाकून कंबर धरणारी बाई आता घरच्या सावलीत उभी राहून काम करत होती.

आणि आमचे दिवे मंदावायला लागले.

गिरणी सुरू केली की दिवा खाली बसायचा, रॉकेलच्या चिमणीएवढा पिवळा व्हायचा. टीव्ही बंद पडायचा. गिरणी कण्हत कण्हत फिरायची. मी वर बघितलं, गिरणीकडे बघितलं आणि निकाल देऊन मोकळा झालो. घरात नवीन काय आलं? गिरणी. मग दोष कुणाचा? गिरणीचा. मीटरची पेटी उघडून बघायचीही मला गरज वाटली नाही. दुसऱ्याच्या घरी गेलो असतो तर आधी पेटी उघडली असती. स्वतःच्या घराची वायरिंग मी स्वतः केलेली, तिच्यात काय बघायचं?

सुनेला मी सांगितलं, “गिरणी लावायच्या आधी मला हाक मारत जा. मी टीव्ही बंद करतो, मग लाव.” ती तसं करू लागली. “मामा, गिरनी लावते हं!” अशी हाक यायची. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. काही दिवस असे गेले. मग एकदा ती हाक मारायला विसरली आणि बातम्या चालू असताना टीव्ही गेला. मी तणतणत अंगणात आलो. चार बाया डबे घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी बोललो, “ही गिरणी एक दिवस माझं घर जाळणार. वायरी तापून लाल होतात. चाळीस वर्षं विजेत काढलीत मी, मला शिकवू नका. आजपासून हे बंद!”

वायरी लाल झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. पण माझा शब्द शेवटचा होता. शेजारची म्हातारी, जिला सगळी आळी आत्याबाई म्हणते, ती पटकन दोन पावलं मागे सरली. दुसरी म्हणाली, “आग लागली तर आमच्या छपरालाबी लागंल की वं.” सून आत गेली आणि चारही डबे आणून जिचे तिला परत दिले, न दळलेले. दुसऱ्या दिवशी तिने गिरणीवर जुनी साडी टाकली. काही दिवसांनी साडीवर गोधड्यांची चळत आली. ती पुन्हा कांद्याच्या रानात जाऊ लागली. आळीत झालं असं, की हिच्या गिरणीपायी घर पेटता पेटता राहिलं.

त्यानंतर महिन्याभराने उन्हाळा तापला होता. मी एकटाच घरात होतो. फ्रिज सुरू झाला आणि दिवा खाली बसला.

गिरणीवर तर गोधड्या होत्या.

मी मीटरची पेटी उघडली. आत माझ्याच हाताने मारलेला एक सांधा होता, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. तो बघताच मला सगळं आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी वादळात खांबावरून येणारी न्यूट्रलची तार तुटली होती. वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते. ही परतीची तार म्हणजे न्यूट्रल. ती जोडायला लाईनमन येईपर्यंत चार दिवस गेले असते, म्हणून मी घराची न्यूट्रल परसातल्या अर्थिंगच्या पाईपाला जोडून दिली. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला लोखंडी पाईप, भोवती मीठ आणि कोळसा. तात्पुरती सोय. असं करू नये, हे मी कारखान्यात नव्या पोरांना दटावून सांगायचो. घरी मात्र दिवे लागले, पंखे फिरले आणि मी ती तार विसरून गेलो. पुढे मीटर बदलला, तेव्हा त्यावर एक बारीक लाल ठिपका कायम पेटलेला दिसायचा. मुलाने विचारलं होतं, “हे काय?” मी म्हणालो, “मीटरचं असतं ते.” वीज जमिनीतून परत जातेय याची ती खूण; बघायला हवं होतं, बघितलं नाही.

अर्थिंगचा तो पाईप अळूच्या वाफ्याच्या कडेला होता. आमच्या घराची वीज इतकी वर्षं ओल्या मातीतून परत जात होती, आणि ती माती बायकोच्या भांड्यांच्या पाण्याने ओली राहत होती. ती रोज पाणी ओतत होती आणि वर दिवे स्वच्छ पेटत होते. ना तिला ठाऊक, ना मला. अळू उपटून वर कोबा मी केला. माती सुकली, विजेला परत जायला वाट उरली नाही, म्हणून दिवे बसले. गिरणी फक्त त्याच वेळी घरात आली होती.

पाईपाचं तोंड कोब्यातून वीतभर वर आलेलं होतं. मी त्यात दोन बादल्या पाणी ओतलं. तासाभराने फ्रिज लावून पाहिला. दिव्याने डोळा मिचकावल्यासारखं केलं आणि सरळ उभा राहिला.

त्या संध्याकाळी सून रानातून आली, हातपाय धुऊन चुलीपाशी बसली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण चाळीस वर्षं विजेत काढलीत, हे वाक्य मी चार बायांसमोर बोललो होतो. लाईनमनला बोलावलं तर तो पेटी उघडणार, तो सांधा बघणार आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगणार. उद्या बोलू, असं ठरवलं. सकाळी उठून पुन्हा पाईपात पाणी ओतलं. परवा पुन्हा. असं करता करता तो रोजचा कार्यक्रम झाला.

लोकांना दिसायला नको म्हणून मी सूर्य उगवताना जायचो, तर नेमकं तेच लोकांना दिसलं. परसाचं तोंड पूर्वेला. म्हातारा तांब्या घेऊन उगवत्या सूर्यासमोर उभा राहून हळूहळू पाणी सोडतो, ओठ हलतात. ओठ हलायचे ते मी तांबे मोजत असायचो म्हणून. आत्याबाईने कुंपणावरून पाहिलं आणि आळीत सांगितलं, “बायको गेल्यापास्नं म्हातारा देवाकडं वळला. रोज सूर्याला पानी देतो.” मी नाही म्हणालो नाही. उलट पाईपाशेजारी तुळशीची कुंडी आणून ठेवली. पाईपाला कुणी हात लावायचा नाही, माझ्या नेमाची जागा आहे, असंही बजावलं, कारण त्याला हात लागणं धोक्याचं होतं. त्यामुळे तर त्या जागेचं महत्त्व आणखीच वाढलं. एका सणाला आत्याबाईने लांबूनच त्यावर चिमूटभर कुंकू टाकलं.

एकच गोष्ट तिला खटकायची. “भाऊ, समदं खरं, पन पायात चप्पल घालून कसला वं सूर्यनारायन?”

“गुडघे दुखतात, आत्याबाई. गार लागतं.”

“वैशाखात गार लागतं?”

रबरी चपलेशिवाय मी त्या ओल्या जागेवर पाय ठेवत नव्हतो, एवढं विजेचं शहाणपण मला होतं. ते फक्त माझ्यापुरतं वापरत होतो.

दिवे बरे झाले होते. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, “गिरणी बंद केल्यापासून बघा लाईट कशी झाली.” सून भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी आमटी ओरपत राहिलो. या दोन वर्षांतला हा माझा सगळ्यात वाईट घास, असं आज वाटतं.

मग एका सकाळी मी त्याच ओल्या कोब्यावर घसरून पडलो. खुब्याचं हाड मोडलं. नगरला दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगा रजा काढून माझ्याजवळ राहिला, म्हैस असल्यामुळे सून घरी थांबली. पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

“मामा, जेवलात का?”

“जेवलो. घरचं काय?”

“समदं बरं हाय. म्हैस दूध देती. आन तुमी काळजी करू नका, तुमचा नेम मी मोडू दिला न्हाई. रोज सकाळी पानी घालते.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? तुमी घालता तिथंच, पाइपात. फकस्त मी तुमच्यासारखी चप्पल घालून घालत न्हाई बरं का. पाय धुऊन अनवानी जाते.” आणि ती हसली.

मी उठून बसायला गेलो तर कमरेतून अशी कळ गेली की मुलगा धावत आला. मी ओरडलो, “तिकडं जाऊ नको! पहिलं जाऊन मेन स्विच पाड. परसात पाय ठेवू नको.”

“का वं? काय झालं?”

“तू स्विच पाड, मग सांगतो.”

ती गेली, परत आली. “पाडला.” तिच्या मागे म्हैस हंबरत होती. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही बघत होता. मी सांगितलं. नेम नव्हता. देव नव्हता. घराची न्यूट्रल त्या पाईपावर आहे, ओल्या जमिनीत वीज उतरते, अनवाणी माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. “दिवे तुझ्या गिरनीनं जात न्हवते. माझ्या तारेनं जात हुते.” मनापासून बोलताना माझी भाषा आपोआप गावची होते.



“तुमाला कवा कळलं?” तिने विचारलं.

“तू गिरनी झाकली, त्याच्या महिन्यानं.”

“बरं,” ती म्हणाली. “औषिदं घ्या टायमावर.” आणि फोन ठेवला.

मला घरी जायला आणखी आठ दिवस लागले. ते आठही दिवस तिने मेन स्विच वर केला नाही. फ्रिज रिकामा केला, चार्जिंगच्या दिव्याच्या उजेडात स्वयंपाक केला, तो दिवा आणि मोबाईल आत्याबाईकडे चार्ज केला. पारनेरच्या वायरमनला स्वतः फोन करून बोलावलं, पण त्याला म्हणाली, मामा घरी आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. अंधारात का बसलीस, असं आळीने विचारलं तर एकच उत्तर, “मामा आल्यावर सांगतील.”

मी वॉकर धरून घरात शिरलो. तिने चहा दिला, पाठीला उशी दिली. रागाचा एक शब्द नाही. त्यामुळे मी अधिकच घाबरलो. कप उचलताना म्हणाली, “उद्या वायरमन येतोय. बायांनाबी बोलावलंय.”

“कोणत्या बाया?”

“ज्यांचे डबे मी तसेच परत दिले त्या.”

“सून आहेस का न्यायाधीश?” असं मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ती हसली नाही. “तवा त्यांच्यासमोर बोलला हुता ना मामा? मग आताबी त्यांच्यासमोरच बोला. मला एकटीला सांगून काय उपेग?”

दुसऱ्या दिवशी चारपैकी दोघीच आल्या. एक घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेली, दुसरी मुलाकडे पुण्याला कायमची राहायला गेलेली. आत्याबाई आणि दुसरी एक शेजारीण ओट्यावर बसल्या. मी खुर्चीवर. वायरमन पेटी उघडून उभा. मी सुरुवातीपासून सांगितलं: वादळ, तार, अळू, कोबा, बादल्या. 

आत्याबाईने आधी पाईपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हंजे आमी दोन वर्सं लोखंडाला कुकू लावलं?”

“व्हय.”

“आन मी त्याला नवस बोलले हुते,” शेजारीण म्हणाली. “नातीला बारावीला.”

“झाली का पास?”

“झाली की! नारळबी फोडला मी हितं, तुमी बाजाराला गेल्ता तवा.”

वायरमनला हसू आवरेना. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, म्हणाली, “तरीच मी म्हनते, चप्पल का काढीना हा!” मलाही हसू आलं. सून मात्र दाराला टेकून उभी होती. मी थांबलो आणि तिच्याकडे वळून म्हणालो, “गिरनीचा काही दोष न्हवता. तुजाबी न्हवता. मला कळलं हुतं आन मी गप बसलो. माझी चूक हाय.”

“दोन वर्सं रानात वाकले मी, मामा,” ती म्हणाली. एवढंच. मग डोळे पुसले आणि वायरमनला म्हणाली, “भाऊ, करा चालू काम.”

त्याने सांधा सोडवला तर पट्टीचा त्याच्या हातात भुगा झाला. तो मला म्हणाला, “काका, तुम्ही आम्हाला शिकवायचं आणि तुम्हीच असं?”  त्याने लाईनमनला बोलावून खांबापासून नवी तार ओढून घेतली, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. अर्थिंग वेगळी करून तिचं खरं काम तिला दिलं. मेन स्विच वर केला तेव्हा मीटरवरचा लाल ठिपका विझलेला होता.

सुनेने गोधड्या उचलल्या, साडी काढली. गिरणीत आधी ओंजळभर जाडंभरडं धान्य टाकलं, आतलं जुनं शिळं पीठ निघून जावं म्हणून. ते म्हशीला. आम्ही सगळे दिव्याकडे माना वर करून उभे. बटण दाबलं. गिरणी घुमली. दिवा होता तसा राहिला. “हलला न्हाई,” आत्याबाई म्हणाली, आणि घरी जाऊन बाजरीचा डबा घेऊन आली.

कोब्याचा मोरीजवळचा कोपरा मी फोडून घेतला आहे. आत्याबाईकडून आणलेले अळूचे कंद तिथे लावले, पानं आता हाताएवढी झालीत. ऊसतोडीला गेलेली बाई परत आली, तेव्हा वॉकर टेकत तिच्या दारी गेलो आणि तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एवढ्यासाठी आलात व्हय? बसा, च्या घ्या.” आता पुण्याची तेवढी राहिली. हे लिहिलेलं मुलाकडून तिला पाठवणार आहे.

आणि एक. आता टीव्ही बंद करायची गरज उरलेली नाही, हे सुनेला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी गिरणी सुरू करण्याआधी ती रोज हाक मारते, आळीला ऐकू जाईल अशी. “मामा, गिरनी लावते हं!” ती सवयीने मारते की मला मुद्दाम ऐकवते, हे मी विचारलेलं नाही. मी दिव्याकडे बघतो आणि तेवढ्याच मोठ्याने उत्तर देतो, “लाव!”